तीन सह्या

*ताई, नमस्कार. मी नर्सिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठ एका धर्मसंस्थेचं आहे. मी त्या धर्माची नाही, आणि खरं सांगायचं तर कुठल्याच देवावर माझा विश्वास नाही. प्रवेशाच्या वेळी एका कागदावर सही घेतली होती, श्रद्धेबद्दल काहीतरी होतं. मी नीट वाचलंही नाही, कारण इथलं नर्सिंग चांगलं म्हणतात आणि शिष्यवृत्तीही मिळत होती. आता आठवड्याला तीन प्रार्थनासभा आणि दर सेमिस्टरला धर्मशास्त्राचा एक पेपर. सभेत बसलं की सोंग करतेय असं वाटतं, म्हणून बरेचदा मी जात नाही, मैत्रीण माझी हजेरी लावते. गेल्या महिन्यात मेडिकल वॉर्डात एका आजींनी माझा हात धरला आणि ‘माझ्यासाठी प्रार्थना म्हण’ म्हणाल्या. त्यांचे शेवटचे दिवस होते. मला काही सुचेना. ‘सिस्टरना बोलावते’ म्हणून बाहेर आले आणि परत गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची खाट रिकामी होती. तेव्हापासून वाटतंय, ही जागा माझी नाही. दुसऱ्या कॉलेजात बदली घेऊ का? घरचे म्हणतात, कळ काढ, डिग्री घे आणि बाहेर पड.*

*— एक विद्यार्थिनी*

तू विद्यापीठाचं नाव लिहिलं होतंस, धर्मही लिहिला होतास. छापताना दोन्ही काढलंय. एक म्हणजे तुला उगाच ताप नको. दुसरं म्हणजे अशी पत्रं मला निरनिराळ्या धर्मांच्या संस्थांतून येतात, आणि नावं झाकली तर कुठलं पत्र कुठलं ते मलाच ओळखता येणार नाही.

आधी आजींचं बोलू. सही, सभा, पेपर हे सगळं तू पत्रात आधी लिहिलंस, पण पत्र लिहायला बसवलं ते आजींनी.

तू बाहेर आलीस याचं मला नवल नाही. वय एकोणीस-वीस, मरण इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलेलं, आणि समोरचं माणूस जे मागतंय ते ना प्रोसिजरच्या पुस्तकात ना औषधांच्या ट्रॉलीवर. पण परत गेली नाहीस ते चुकलं, आणि ते मी साखर लावून सांगणार नाही. ‘बोलावते’ म्हटलं की बोलवायचं. कुणी सापडलं नाही तर परत येऊन तेवढं सांगायचं: ‘सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे आहेत, मोकळ्या झाल्या की येतील, तोवर मी बसते.’ पाणी आणते म्हणून विसरणं आणि प्रार्थनेला कुणाला तरी पाठवते म्हणून विसरणं ही एकाच माळेतली चूक. पहिली कुणीही करतं. दुसरी तुला टोचतेय ती प्रार्थनेमुळे नाही, बाई वाट बघत राहिली म्हणून.

मीही एका धर्मसंस्थेच्या रुग्णालयातच शिकले, आणि मीही त्यांच्यातली नव्हते. दुसऱ्याच वर्षाला सर्जिकल वॉर्डात रात्रपाळी होती. एका गृहस्थांचं सकाळी पोटाचं मोठं ऑपरेशन. तोंडाने काही घ्यायचं नाही, अशी पाटी खाटेला लावून मी वळले तर त्यांनी थांबवलं. ‘आमची ती रोजची प्रार्थना म्हणतेस का?’ सहा महिने सकाळच्या सभेत ऐकून ऐकून मला ती अर्धीमुर्धी पाठ झाली होती. केली सुरुवात. तिसऱ्या ओळीला अडखळले, एक ओळ खाल्ली आणि तशीच पुढे रेटली. त्यांनी डोळे उघडले. ‘ओळ गाळलीस.’ मग त्यांनीच पहिल्यापासून म्हटली, सावकाश, मी शेजारी गप्प. संपल्यावर म्हणाले, ‘तू आमच्यातली नाहीस ना?’ नाही म्हटलं. ‘मग सांगायचं की! मी म्हटली असती, तू ऐकली असतीस.’ ऑपरेशन नीट पार पडलं आणि टाके काढून ते चालत घरी गेले. हे मुद्दाम सांगते, नाहीतर कुणाला वाटायचं की माझ्या गाळलेल्या ओळीने घोटाळा केला.

त्या रात्रीपासून माझं उत्तर ठरून गेलं: ‘तुम्ही म्हणा, मी इथे बसून ऐकते.’ पेशंटला म्हणायचं बळ नसेल तर ‘कुणाला बोलावू?’ घरचं कुणी, त्यांचे धर्मगुरू, कधी शेजारच्या खाटेवरचा त्याच धर्माचा पेशंटसुद्धा. कुणीच नसेल तर बहुतेकदा उशाशी एखादं पुस्तक असतं. ‘कुठलं पान?’ विचारायचं आणि वाचून दाखवायचं. वाचून दाखवणं म्हणजे मानणं नव्हे. आपण पेशंटला वर्तमानपत्र वाचून दाखवतो, त्यातला अग्रलेख आपल्याला पटलेला असतो थोडाच! आणि यातलं काहीच जमलं नाही तर हात धरून बसायचं, ओठ कोरडे पडले असतील तर ओल्या गॉजने टिपायचे. ते तर तुला शिकवलंय.

फंडामेंटल्सला, म्हणजे नर्सिंगच्या पायाभूत विषयाला, अमेरिकी परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसनबाईंनी सांगितलेल्या पेशंटच्या चौदा मूलभूत गरजा तू घोकल्या असशील. श्वास, खाणंपिणं, मलमूत्र, हालचाल, झोप... आता अकरावी आठव. आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येणं. बाईंनी ती झोप नि अंगाची स्वच्छता यांच्याच रांगेत बसवलीये. नर्सची स्वतःची श्रद्धा काय, हा प्रश्न त्या यादीत कुठेच नाही. पेशंटला बेडपॅन देताना आपल्याला लागलीये का, असं कुणी विचारतं का?

केअर प्लॅनमध्ये ‘स्पिरिच्युअल डिस्ट्रेस’, म्हणजे श्रद्धेशी निगडित मनाची तगमग, हे निदान लिहायला तुम्हाला शिकवतील किंवा शिकवलं असेल. नर्सिंग निदानांच्या अमेरिकी यादीत ते १९७८ पासून आहे. ते ओळखायला देव मानावा लागत नाही, प्रश्न विचारावे लागतात. १९९६ मध्ये डॉ. ख्रिस्टिना पुचाल्स्की यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेली ‘फिका’ नावाची चार प्रश्नांची पद्धत आहे: तुमची कशावर श्रद्धा आहे, आजारपणात तिचं तुम्हाला किती महत्त्व वाटतं, तुमच्या सोबतीला कुठला समुदाय आहे, आणि या बाबतीत आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं. चौथा प्रश्न सोन्यासारखा आहे. कुणी म्हणतं, फक्त सकाळी खिडकीकडे तोंड करून बसवा. कुणी म्हणतं, त्या धर्मगुरूंना आत सोडू नका. तेही लिहून ठेवायचं.

आता ‘ही जागा माझी नाही’ याबद्दल.

तू पळालीस ती ‘सिस्टर’ना बोलवायला. हा शब्द आला कुठून? नन्सकडून. जर्मन भाषेतही नर्सला बहीणच म्हणत आलेत. डोक्यावरची ती कडक इस्त्रीची पांढरी टोपी म्हणजे ननच्या शिरोवस्त्राचंच आखूड रूप. १६३३ मध्ये फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ ही सेवाव्रती भगिनींची कॅथलिक संस्था सुरू केली, तेव्हा मठाच्या भिंतीआडून बाहेर पडून आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या बायका हीच नवलाई होती. त्याच्याही हजार वर्षं आधी मदिनेत रुफैदा अल-अस्लमिया जखमींसाठी तंबू घालून बसत, अशी नोंद इस्लामी परंपरेत आहे. म्हणजे उद्या तू धर्माचा वाराही नसलेल्या कॉलेजात गेलीस तरी ज्या व्यवसायात शिरतेयस तो या दारातूनच आलाय. म्हणून तू श्रद्धाळू व्हावंस असं नाही. परकी आहेस असं मात्र समजू नकोस, एवढंच.

आणि आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई. १८५१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, घरच्यांचा विरोध पत्करून त्या जर्मनीतल्या कायझरव्हर्थला गेल्या. फ्लीडनर नावाच्या पाळकाने १८३६ मध्ये काढलेली ती धार्मिक संस्था. तिथे त्या तीनेक महिने राहिल्या, शिकल्या. पुढे म्हातारपणी त्या संस्थेबद्दल लिहिताना त्यांनी काही हातचं राखलं नाही: तिथलं नर्सिंग शून्य होतं, स्वच्छता भयंकर होती, पण तितकी निर्मळ निष्ठा आणि तितकी वरची पट्टी दुसरीकडे पाहिली नाही. बाई स्वतः देवभोळ्या नव्हे, पक्क्या श्रद्धावान. ऐन तारुण्यात देवाने आपल्याला बोलावलं असं मानणाऱ्या. तरी निष्ठेला पैकीच्या पैकी दिले म्हणून नर्सिंगचे गुण वाढवले नाहीत. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा निघाली, ती कुठल्याही पंथाची नव्हती.

तुझ्या विद्यापीठाची गुणपत्रिकाही अशी दोन रकान्यांत लिही. गेले काही महिने तू एकाच रकान्यात अडकलीयेस.

नर्सिंगच्या रकान्यात काय बघायचं? पदवीला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि ती चालू आहे का. इथून सुटलेल्या मुली परवान्याच्या परीक्षेत पहिल्या फेरीत निघतात का. हे कॉलेजच्या माहितीपत्रकाला विचारू नकोस, दोन वर्षं पुढच्या सीनियरना विचार. क्लिनिकलचे तास कागदावर आहेत तेवढे खरोखर होतात का, की चौघींत एक पेशंट आणि बाकीच्या तिघी भिंतीला टेकून? शिकवणाऱ्या बाई वॉर्डात येतात की नुसत्या जर्नलवर टिक करतात?

एक प्रश्न फक्त धार्मिक संस्थांचा आहे, आणि तो लाजून न विचारणाऱ्या मुली फार आहेत. तुझ्या रुग्णालयात काय होत नाही? उदाहरणार्थ, कॅथलिक रुग्णालयांत कुटुंबनियोजनासाठीची नसबंदी आणि गर्भपात करत नाहीत, कृत्रिम गर्भनिरोधनाला चर्चचा विरोध १९६८ च्या पोपपत्रात पुन्हा ठामपणे मांडलेला आहे. इतरांचेही आपापले नियम असतात. त्यांची भूमिका त्यांनी ठेवावी. पण परवान्याच्या परीक्षेत तांबी बसवल्यावर पेशंटला काय सांगायचं हे विचारतात, आणि गर्भपातानंतर रक्तस्राव होत असलेली बाई कुठल्याही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत येते. तेव्हा प्रसूतिशास्त्राची पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी बाईंना सरळ विचार: कुटुंबनियोजनाचं क्लिनिकल आम्हाला कुठे मिळणार? चांगल्या संस्था त्यासाठी दुसऱ्या रुग्णालयात पाठवतात, विचारल्यावर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. ‘ते आपल्याकडे शिकवत नाहीत’ असं उत्तर आलं, तर ती खरी त्रुटी. ती तीन प्रार्थनासभांपेक्षा मोठी.

हा रकाना भक्कम निघाला तर बदली घेऊ नकोस. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात बदली म्हणजे थिअरीचे विषय कदाचित धरतील, क्लिनिकलचे तास धरतीलच असं नाही, आणि एक वर्ष मागे पडायची तयारी ठेवावी लागते. शिष्यवृत्ती जाईल ती वेगळीच. एवढं मोल देऊन तू काय सोडवणार? आजीसारखी माणसं दुसऱ्या कॉलेजच्या वॉर्डातही असणार आहेत आणि तिथेही ती तुझाच हात धरणार आहेत.

निघायचं कधी तेही सांगते. पेशंटला तुमच्या धर्माचं सांगा, पत्रकं वाटा, खाटेवर अडकलेल्या माणसाचं मन वळवा, असं काम विद्यार्थिनींना लावत असतील तर. तुझी श्रद्धा काय यावर वॉर्डातले गुण ठरत असतील तर. तिथे मी एक दिवसही कळ काढ म्हणणार नाही. आजाऱ्याला काय मानायचं ते शिकवायला आपण जात नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे आणि पेशंटच्या मूल्यांचा, चालीरीतींचा, श्रद्धांचा मान राखणं हे तिच्यात नर्सचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. तुझ्या वर्गात ती शिकवतातही, तेव्हा आधार त्यांच्याच पुस्तकातला घे.

आता सह्या. तुझ्या पत्रात दोन आहेत.

पहिली प्रवेशाच्या कागदावरची. तू वाचला नाहीस म्हणतेस, तर आज वाच. कार्यालयातून प्रत माग, त्यात काही गैर नाही. आणि वाचताना क्रियापद बघ. ‘मानते’ आहे की ‘पाळीन’? बाकीचा मजकूर कितीही भारदस्त असला तरी सगळं या एका शब्दावर आहे. ‘या विद्यापीठाची मूल्यं मला माहीत आहेत आणि इथे असेपर्यंत मी नियम पाळीन’, असं असेल तर तू खोटं बोललेलीच नाहीस. श्रद्धेचं नाव असलेल्या कितीतरी कागदांत आत एवढंच असतं. धार्मिक विद्यापीठ म्हणजे सगळं एकच नसतं. अमेरिकेतल्या, जेझुइट या कॅथलिक संघाच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात १९०३ पासून नर्सिंग शिकवतात आणि १९९९ मध्ये त्याच विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ इमाम नेमला. तिथल्याच मॉर्मन पंथाच्या ब्रिगॅम यंग विद्यापीठात इतर धर्मांच्या मुलांनाही प्रवेश मिळतो, पण दारू, तंबाखूच नव्हे तर चहा-कॉफीसुद्धा वर्ज्य असलेली आचारसंहिता सगळ्यांना लागू, आणि धर्मगुरूंची शिफारस वेळोवेळी नव्याने लागते. तिथे मागतात ते वागणं. आणि काही ठिकाणी खरोखरच ‘मानते’ लिहून घेतात.

तुझ्या कागदावर ‘मानते’ असेल तर घाईत काही करू नकोस. रात्री दोन वाजता कबुलीचा लांबलचक ईमेल तर अजिबात नको. आधी नियमावली काढून बघ, अशा सहीचा परिणाम काय लिहिलाय. मग विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी धर्मोपदेशक असतात त्यांची वेळ घे. पण त्याआधी एक चौकशी: त्यांच्याशी झालेलं बोलणं गुप्त राहतं का, आणि शिस्तपालन समितीवर तेच तर बसत नाहीत ना? काही ठिकाणी दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात. बोलणं सुरक्षित असेल तर सरळ सांग: ‘सही केली तेव्हा विचार केला नव्हता, आज मला ते मनापासून म्हणता येत नाही, इथले नियम मी पाळते आणि पाळीन.’ मी पाहिलेल्या धर्मोपदेशकांना हे वाक्य नवं नव्हतं. शंका घेऊन येणारी मुलं हाच त्यांचा रोजचा उद्योग असतो, आणि नुसतं खाली मान घालून बसणाऱ्यांपेक्षा त्यांना ती आवडतातही. जाहीर सांगत फिरायची गरज नाही. कुणी थेट विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही.

दुसरी सही हजेरीची. पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली. तू ती इतक्या सहज लिहिलीयेस, मध्येच, स्वल्पविराम देऊन, की तुला त्यात काही वाटलेलं दिसत नाही. सभेत बसणं तुला सोंग वाटतं आणि न बसता सही होते ते वाटत नाही? धर्म बाजूला ठेव, मी नर्स म्हणून विचारते. उद्या बारा पेशंट असतील, पाय भरून आले असतील, आणि सातव्या खाटेवरच्या माणसाचं बीपी काल होतं तेच, १२०/८०, न घेताच लिहून टाकायचा मोह होईल. प्रत्येकीला होतो. जिला रिकाम्या खुर्चीची हजेरी लागलेली चालते तिचा हात तेव्हा थांबेल का? माझ्या बरोबरीची एक मुलगी या एका सवयीने घरी गेली. तिने टेम्परेचर चार्ट पहाटेच भरून ठेवला होता, दुपारपर्यंतचा. पेशंट आठ वाजता दुसऱ्या वॉर्डात हलवला होता. चार्टात बाराला त्याचा ताप ९८.६.

उद्यापासून मैत्रिणीला थांबव. तिच्याही गळ्यात तू धोंडा बांधतेयस.

सभा चुकवायच्याच असतील तर उजळ माथ्याने चुकव. क्लिनिकलचं रोटेशन लागलं की लगेच, पहिल्याच आठवड्यात, लेखी अर्ज दे. सोबत ड्यूटीचा तक्ता जोड: या या तारखांना रात्रपाळी उतरून सभेला यावं लागतं, सूट मिळावी किंवा संध्याकाळची सभा धरावी. ‘मला पटत नाही’ असं अर्जात लिहू नकोस, तो वेगळा विषय. कुणी फारच ताणलं तर व्हिन्सेंट द पॉल यांचं म्हणणं सांग. आपल्या भगिनींना ते बजावत की प्रार्थनेच्या वेळी गरिबाकडून बोलावणं आलं तर प्रार्थना टाकून जा, ते देवासाठीच देवाला सोडणं आहे. एवढ्या धार्मिक माणसाचा हवाला दिल्यावर समोरच्याला पुढे बोलणं जड जातं, हा माझा अनुभव.

बाकीच्या सभांना जा आणि नुसती बस. ओठ हलवू नकोस. सोंग ओठ हलवण्यात आहे, बसण्यात नाही. पाहुणी म्हणून तू कुणाच्या लग्नाला बसतेस तेव्हा मंत्र म्हणत नाहीसच. मी त्या अर्ध्या तासात औषधांच्या डोसची गणितं मनात सोडवायचे. वजन इतकं, डोस किलोमागे इतका, मिनिटाला थेंब किती. फार्माकॉलॉजीला त्या वर्षी मला वर्गात सर्वाधिक गुण होते, आणि प्रार्थनेत किती तल्लीन असते म्हणून मेट्रनबाई माझं कौतुक करायच्या.

धर्मशास्त्राच्या पेपराला मात्र नाक मुरडू नकोस. निधर्मी कॉलेजातून आलेल्या हुशार मुली मी वॉर्डात इथेच ठेचकाळताना पाहिल्यात. ज्यू धर्म कडक पाळणारा पेशंट शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी विजेची घंटा दाबणार नाही. शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र होईपर्यंत त्याच्या खाटेचा दिवा लागत नाही आणि स्टाफला वाटतं, खोली शांत आहे, पेशंट आरामात आहे. जीव धोक्यात असेल तर त्याच्या धर्माचीच मुभा आहे, पण दुखतंय, लघवीला जायचंय, एवढ्यासाठी तो दाबत नाही. ज्या नर्सला हे ठाऊक असतं ती न बोलावता तासाला डोकावते. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक रक्त घेत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. पण अल्ब्युमिनसारखे रक्तातून काढलेले काही घटक घ्यायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं, म्हणून ‘ते काही घेत नाहीत’ असं लिहून मोकळं होता येत नाही, विचारावं लागतं. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. पेशंटने विचारलं तर खरं सांगावं लागतं आणि डॉक्टरांना पर्याय विचारावा लागतो. रमजानचा रोजा धरणारा मधुमेही इन्सुलिनची वेळ विचारतो तेव्हा ‘उपास कशाला करता?’ हे उत्तर नसतं. त्या पेपरात एका धर्माचं शिकवतात, कबूल. पण श्रद्धा ही माणसाच्या अंगात हाडासारखी असते, बाहेरून चिकटवलेली नसते, हे कळायला एक धर्म आतून बघणंही चालतं. तू तर रोज बघतेयस, तोही बाहेरची म्हणून. रुग्णालयात पेशंट असाच असतो. घंटा दुसऱ्याची, वेळा दुसऱ्याच्या, कपडे दुसऱ्याचे, आणि सगळे आपल्याला काय वाटतं ते न विचारता कामाला लागलेले.

घरच्यांचं ‘कळ काढ’ मला फारसं पटत नाही. अडीच वर्षं दात आवळून काढायची असतील तर शिकणं होत नाही. पण ‘बाहेर पड’ हेही आत्ता नको.

आजींबद्दल मनात राहणारच. एक कर. त्या रात्री ड्यूटीवर ज्या सिस्टर होत्या त्यांना गाठ आणि झालं ते सांग. त्यांना ठाऊक असेल आजींजवळ नंतर कोण होतं. कदाचित कुणी होतं. नसेलही. दोन्हीपैकी जे असेल ते ऐकायला जा.

आणि तिसरी सही अजून व्हायची आहे. पुन्हा कुणी हात धरला की काय करायचं ते वर सांगितलं. ते केल्यावर नर्सेस नोट्समध्ये लिहायचं, कारण लिहिलं नाही ते झालं नाही, आणि पुढच्या पाळीला कळायला हवं. लांबण लावू नकोस. असं काहीतरी:

‘रात्री ९.४०. रुग्णाने प्रार्थनेची इच्छा व्यक्त केली. विद्यार्थिनी १५ मिनिटे शेजारी बसली, रुग्णाने स्वतः प्रार्थना म्हटली. मुलीला फोनवर कळवले, ती धर्मगुरूंना घेऊन सकाळी ७ वाजता येणार. श्वसन २२. तोंडाची स्वच्छता केली. रुग्ण शांत.’

खाली तुझी सही. विद्यार्थिनी आहेस, तेव्हा शेजारी सिस्टरची प्रतिस्वाक्षरी घ्यायला विसरू नकोस.